हात लावल्याशिवाय सही नाही

साळवे मॅडमना दिवाळीची मिठाई देणं हे आमच्या ऑफिसातलं सगळ्यात अवघड काम होतं. ते दर वर्षी माझ्याच गळ्यात पडायचं, कारण नोएडातल्या त्या इमारतीत त्यांच्याशी मराठीत बोलणारा मी एकटाच. मी डबा पुढे केला की त्या चष्म्यावरून आधी डब्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि विचारायच्या, "कशासाठी?"

"दिवाळी आहे, मॅडम."

"दिवाळी तुमची, पाटणकर. मी ख्रिश्चन. मला कशासाठी?"

"ऑफिसकडून आहे."

"ऑफिसकडून म्हणजे कुठली तरी सही अडलेली असणार. कुठली ते सांगा."

आता खरं सांगायचं तर एखादी सही अडलेली असायचीच. मी डबा तसाच परत न्यायचो, आणि आमचे डायरेक्टर मल्होत्रा साहेब तो उघडून काजूकतली तोंडात टाकत म्हणायचे, "बड़ी सख़्त औरत है यार." नाताळात मात्र त्या स्वतः मोठा डबा भरून करंज्या आणायच्या आणि शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांपुढे धरायच्या. एकदा मल्होत्रा साहेबांनी चेष्टेनं विचारलं, "मैडम, ये किसलिए?" त्या म्हणाल्या, "खाने के लिए." आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

आमचं ऑफिस म्हणजे इन्क्युबेटर. हा शब्द ऐकला की माझ्या आईला दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवतात ती काचेची पेटी आठवायची, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं. नव्यानं जन्माला आलेल्या छोट्या कंपन्यांना आम्ही बसायला जागा द्यायचो, सल्ला द्यायचो आणि सरकारी योजनेतलं अनुदान त्यांच्या खात्यात पोचवायचो. ज्या कामासाठी ते दिलं त्याच कामावर खर्च झालं, असं प्रमाणपत्र चार्टर्ड अकाउंटंटनं सही करून द्यावं लागे. ते मिळालं तरच पुढचा हप्ता. ती सही शांता साळवे करायच्या. करायच्या नाहीत असं म्हटलं तरी चालेल, इतकी ती मिळवणं कठीण होतं.

दिसायला अगदी साध्या. ठेंगण्या, साठी ओलांडलेल्या, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. गुडघे दुखतात म्हणून बूट, आणि बुटांत अडकू नये म्हणून साडीही घोट्याच्या वर नेसलेली. खांद्याला कापडी पिशवी. ही बाई लिफ्टमधून बाहेर आली की आमच्या मजल्यावरचे आवाज खाली यायचे. दोन-दोन पदव्या घेतलेली, परदेशात राहून आलेली पोरं खुर्चीत सरळ बसायची. मला त्याची मोठी गंमत वाटायची, पण त्या माझ्या टेबलाशी आल्या की मीही सरळ बसायचो.

नव्या कंपन्यांसाठी त्या वर्षातून एकदा वर्ग घ्यायच्या. त्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "मैम, ग्रांट तो फ्री मनी है ना? सरकार ने ही दिया, तो सरकार उस पर टैक्स क्यों लेगी?"

"फ्री?" मॅडम खिडकीबाहेर बोट दाखवायच्या. बाहेर दिवाळीनंतरचा तो राखाडी धूर. समोरची इमारतसुद्धा दिसत नसायची. "फ्री तो यहाँ साँस भी नहीं है बेटा, उसकी भी मशीन लगानी पड़ती है."

मग मामाची गोष्ट यायची. "समझो, मामा ने पैसे भेजे. बोले, मिक्सर ले लो. तो तुमको मिक्सर सस्ता पड़ा, बस. और अगर बोले कि घर का राशन चलाओ, तो वो तुम्हारी कमाई हो गई. सरकार तुम्हारी मामा है. मामा ने किसलिए भेजे, पहले ये बताओ. कितने भेजे, वो मैं बाद में पूछूँगी."

अनुदानावरच्या कराचा सगळा कायदा या मिक्सरमध्ये मावतो, हे मला पुढे कळलं. यंत्रासाठी अनुदान मिळालं तर ते यंत्राच्या किमतीतून वजा होतं आणि लगेच कर लागत नाही. पगार, भाडं, कच्चा माल अशा चालू खर्चासाठी मिळालं तर ते उत्पन्न. त्यातून तो खर्च वजा मागता येतो, पण आधी उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. पोरं हे वहीत लिहून घ्यायची आणि विसरायची.

दुसरी खोड हात लावायची. बिलं, फोटो, व्हिडिओ, काहीही दाखवा, त्या म्हणायच्या, "वस्तू कुठे आहे? हात लावल्याशिवाय सही नाही." एका मुलानं थ्रीडी प्रिंटर घेतला होता. बिल चोख, फोटो झकास. मॅडम त्याच्या ऑफिसात गेल्या तर तिथे प्रिंटर नाही. सर्व्हिसिंगला गेलाय म्हणाला. "कहाँ?" "लक्ष्मी नगर." "चलो." बिचारा घामाघूम. लक्ष्मी नगरात त्याच्या मेहुण्याचं खेळण्यांचं दुकान निघालं आणि तिथे सरकारी पैशाचा प्रिंटर गणपतीच्या आणि गाड्यांच्या किल्लीच्या कड्या बनवत होता. मी सोबत होतो. मला वाटलं, आता हा पोरगा संपला. मॅडमनी गरम प्रिंटरवर हात ठेवला, एक कडी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "चलता तो अच्छा है. कल शाम तक अपनी जगह पर चलना चाहिए." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पुन्हा जाऊन हात लावून आल्या आणि मगच सही केली.

त्यांचे वडील नगरहून सरकारी छापखान्यात नोकरीला आले होते. मॅडम करोल बागेत जन्मल्या, दिल्लीतच शिकल्या, पण त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. मी पुण्याचा, हे मी त्यांच्यासमोर फारसं बोलायचो नाही. "अदमास", "निगुतीनं" असले शब्द त्या सहज वापरायच्या. मुलगा मात्र परदेशातून फोनवर "आई, मैं तुला उद्या कॉल करतो" म्हणायचा, आणि त्या फोन ठेवून चष्मा पुसायला घ्यायच्या. शनिवारी त्या कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या जुन्या सदनात जेवायला जायच्या. तिथला वाढपी हिंदीत बोलला की त्या मराठीतच उत्तर द्यायच्या, तो मराठीवर येईपर्यंत. दोन-तीनदा मलाही घेऊन गेल्या. बिल आपापलं.

त्यांना मी नीट ओळखलं ते स्नेहल जाधवच्या प्रकरणात.

स्नेहल आमच्याकडे आली तेव्हा तिची कंपनी दिल्लीच्या मुनिरका भागातल्या एका भाड्याच्या खोलीत होती आणि कंपनीचा सगळा माल घरमालकिणीच्या फ्रीजमध्ये. तिचे वडील सैन्यात वैद्यकीय पथकात होते, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. बर्फात जखमी जवानाला सलाईन लावायची तर बाटली आणि नळी दोन्ही गोठतात. सुभेदार ती बाटली कोटाच्या आत पोटाशी धरून बसायचे. ही गोष्ट ऐकत स्नेहल छावणीच्या क्वार्टरमध्ये मोठी झाली, इंजिनिअर झाली आणि आफताब नावाच्या वर्गमित्राबरोबर तिनं बॅटरीवर चालणारी एक पेटी बनवली. बाटली आणि नळी पेटीत ठेवली की सलाईन अंगाच्या उबेइतकी कोमट राहते. सुरुवातीचे पैसे सुभेदारांच्या निवृत्तीचे, पुढचे आमच्या अनुदानाचे. दोघांनी नोएडाच्या कारखान्यांच्या भागात एक पत्र्याची शेड घेतली. सैन्याच्या एका वैद्यकीय तुकडीनं येत्या हिवाळ्यात पेटी वर नेऊन बघायचं कबूल केलं.

आणि ऐन मे महिन्यात प्राप्तिकर खात्याची नोटीस आली.

स्नेहल धावतच माझ्या टेबलाशी आली आणि तिनं फोन पुढे धरला. "सर, हे बघा ना. हे काय आहे?" मी वाचलं. त्यांच्या पहिल्या वर्षाचं विवरणपत्र एका ऑनलाइन स्वस्तातल्या हिशेबनिसानं भरलं होतं. त्यानं सगळं अनुदान भांडवलात टाकलं, सगळा खर्च "काम चालू आहे" म्हणून बाजूला ठेवला आणि उत्पन्न शून्य दाखवलं. आता खातं विचारत होतं की सगळंच्या सगळं अनुदान उत्पन्न का धरू नये आणि उत्पन्न लपवल्याचा दंड का लावू नये. उत्तराला मुदत थोडी. तेवढा कर आणि दंड भरायचा तर कंपनीच्या खात्यात काही उरत नव्हतं. शेड जाणार, माणसं जाणार, हिवाळ्यातली चाचणी जाणार आणि सुभेदारांचे पैसेही.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. त्यांना वाटतं कंपनी एकदम बढिया चालली आहे."

मी मॅडमना फोन लावला. हे विवरणपत्र त्यांच्या हातचं नव्हतं, पुढच्या हप्त्याची त्यांची सही अजून व्हायची होती. त्या आल्या, नोटीस वाचली, मग चष्मा काढून स्नेहलकडे बघितलं.

"पैसे कशासाठी आले होते?"

"स्टार्टअपसाठी."

"स्टार्टअप ही काय वस्तू आहे? विकत मिळते? कशासाठी आले?"

स्नेहलचे डोळे भरून आले तसा मला मॅडमचा राग आला. बुडणाऱ्या माणसाला आधी बाहेर काढावं, पोहायला नंतर शिकवावं, असं मी मनात म्हणत होतो. मॅडमनी मंजुरीचं पत्र मागवलं. त्यात लिहिलं होतं, नमुना तयार करण्यासाठी आणि चाचणीची सोय उभारण्यासाठी. "चाचणीच्या सोयीत काय घेतलंत?" स्नेहल म्हणाली, थोडी मोजमापाची उपकरणं. हिशेबातही तेवढंच दिसत होतं. बाकी सगळे पगार आणि सामान.

दुसऱ्या दिवशी मल्होत्रा साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं. साहेब वाईट नव्हते. आपल्या पंखाखालची एक कंपनी अशी बुडाली तर वरून प्रश्न येतील, ही त्यांची काळजी होती, आणि त्यांच्याकडे सोपा उपाय होता. जुन्या तारखेचं नवं मंजुरीपत्र, "संपूर्ण अनुदान फक्त यंत्रसामग्रीसाठी". आणि ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून त्याच काळातलं मोठ्या यंत्राचं बिल.

"पाटणकर, लेटर टाइप करवा लो. मैडम बस उस पर अपना सर्टिफिकेट लगा देंगी. बच्ची बच जाएगी."

"मशीन कहाँ है?" मॅडम म्हणाल्या.

"अरे मैडम, मशीन भी रखवा देंगे."

"मतलब अभी नहीं है."

"मैडम, एक लेटर ही तो है."

"फिर किसी और से लगवा लीजिए. मेरे हाथ से नहीं होगा."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. मी खाली बघत होतो. साहेबांनी कोरं लेटरहेड माझ्याकडे सरकवलं होतं आणि मी ते घेतलंही नव्हतं आणि परतही केलं नव्हतं. माझं धाडस तेवढंच असतं.

मग स्नेहल बोलली, आणि मराठीत बोलली, साहेबांना कळू नये म्हणून. "मॅडम, तुमचं काय जातंय? एक सही करायची आहे. माझ्या बाबांनी आयुष्यभर बर्फात काढून ते पैसे साठवले. तुम्हाला तुमचे रूल्स प्यारे आहेत, बिल्कुल ठीक. पण मग मदत करायला आले असं कशाला म्हणायचं?"

मॅडमचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी तो उतरलेला पाहिला नव्हता. त्यांनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "खोटं यंत्र दाखवलंस आणि उद्या कोणी बघायला आलं, तर कंपनीही जाईल आणि तूही जाशील. मग सैन्य तुझ्याकडून सुईसुद्धा घेणार नाही. उद्या सकाळी शेडवर येते. अजून मी तिथल्या एकाही वस्तूला हात लावलेला नाही."

"बघायला तिथे काही नाहीये, मॅडम."

"ते मी ठरवीन."

सकाळीच शेड तापली होती. मॅडम साडीचा पदर खोचून आत शिरल्या. स्नेहल त्यांच्याशी बोलत नव्हती. आफताब मात्र अदबीनं एकेक वस्तू दाखवत होता. टेबलं, मोजमापाची उपकरणं, तयार पेट्या, बॅटऱ्या. मॅडम प्रत्येकीवर हात ठेवत पुढे सरकत होत्या. मी मागे उभा राहून घाम पुसत होतो आणि ही सगळी यात्रा उगाच चालली आहे असं मला वाटत होतं.

शेडच्या टोकाला एक पांढरं धूड होतं. माणूस उभा राहील एवढं, जाड दार, वर कॉम्प्रेसर गुरगुरतोय. मॅडमनी त्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"हे काय आहे?"

"वो तो ठंडा कमरा है, मैम," आफताब म्हणाला. "पेटी टेस्ट करने के लिए. अंदर पहाड़ वाली ठंड बन जाती है."

मॅडम त्याच्याभोवती फिरल्या. मागे वाकून बघितलं, गुडघा धरून सरळ झाल्या. "बनवणाऱ्याची पाटी कुठे आहे? प्रत्येक यंत्रावर असते. इस पर किसी कंपनी की प्लेट क्यों नहीं है?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. स्नेहल ओशाळली. "ते आम्हीच बनवलंय मॅडम. विकतचं परवडत नव्हतं. जुगाड आहे तो. पाहुणे आले की आम्ही त्याच्यावर चादर टाकतो, आज राहून गेली."

"कोणी बनवलं? कधी?"

"आम्ही दोघं आणि आमचे टेक्निशियन. पहिल्या वर्षी बहुतेक हेच तर केलं. हे झाल्याशिवाय पेटी टेस्ट कशी करणार?"

"म्हणजे ते पगार. ते सामान."

"हो. पत्रे, फोम, कॉम्प्रेसर, वेल्डिंग. का?"

मॅडम खाली ठेवलेल्या एका लाकडी खोक्यावर बसल्या. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सारली.

"स्नेहल," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मामानं मिक्सरसाठी पैसे दिले. तू मिक्सर विकत आणला नाहीस, घरी बनवलास. तो बनवताना माणसांना दिलेले पगार हे राशन नव्हे. ती मिक्सरची किंमत आहे. चाचणीची सोय हीच ना? मंजुरीपत्रात आधीपासून लिहिलेली. आणि तू तिच्यावर चादर टाकत आलीस."

स्नेहल उभीच राहिली. मग ती भिंतीकडे तोंड करून रडली. हुंदके दाबत होती, तरी शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जात होते. मॅडम उठल्या नाहीत, की तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेल्या नाहीत. त्या आफताबला विचारत होत्या की बनवत असतानाचे फोटो आहेत का. फोटो भरपूर होते. अर्धवट उभ्या सांगाड्यात बसून सगळ्यांनी आफताबच्या वाढदिवसाचा केक कापला होता, तोही एक होता. मॅडम म्हणाल्या, हा सगळ्यात चांगला.

ऑफिसात मल्होत्रा साहेबांनी लेटरचं विचारलं तेव्हा मी प्रिंटर बिघडल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मात्र त्या दिवसापासून मॅडमचे फोन त्यांनी घेतले नाहीत.

उत्तर गेलं, आणि मॅडमनी व्हिडिओवरून सुनावणी मागितली. हल्ली या खात्यात समोरासमोर काही होत नाही. अधिकारी कुठल्या शहरात बसलाय तेही आपल्याला कळत नाही. मॅडमना याचा फार त्रास व्हायचा. "माणसाला तरी हात लावता आला पाहिजे, पाटणकर," म्हणायच्या. म्हणून त्यांनी हट्टानं लॅपटॉप शेडमध्ये नेऊन, त्या थंड खोलीसमोर स्टुलावर ठेवून सुनावणीला बसायचं ठरवलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मॅडम साडीवर लोकरीचा स्वेटर घालून बसल्या होत्या. दार उघडावं लागलं तर, म्हणून.

पडद्यावर एक तरुण अधिकारी आला. आवाज कोरडा. "मैडम, इस एसेट का इनवॉइस नहीं है."

"नहीं है सर. ख़रीदा नहीं, बनाया है."

"तो फिर सैलरी को एसेट कैसे मानें? सब लोग यही कहेंगे."

"सर, आप देख लीजिए, फिर—"

एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, पडदा गोठला, संपर्क तुटला. स्नेहल पांढरी पडली. अशा वेळी अधिकारी "उपस्थित नाहीत" अशी नोंद करून मोकळा होऊ शकतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आफताबचे हात घामानं इतके ओले की फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडता जोडेना. मॅडमचा एक हात त्या पांढऱ्या दारावर होता आणि बोटं दाबून धरलेली होती. त्यांनाही भीती वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

संपर्क जुळला. अधिकारी अजून तिथेच होता.

"सॉरी सर, नोएडा की बिजली," मॅडम म्हणाल्या. "आप कह रहे थे, सब लोग यही कहेंगे. मैं दरवाज़ा खोलती हूँ."

त्यांनी दार उघडलं. वीज जाऊन थोडाच वेळ झाला होता, आतली थंडी होती तशीच होती. पांढरी वाफ भसकन बाहेर आली आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर धुकं धरलं. मॅडम आत शिरल्या, आत टांगलेली सलाईनची एक पेटीबाहेरची बाटली काढून कॅमेऱ्यासमोर उलटी केली. आत काही हललं नाही, आतलं पाणी दगड झालं होतं. मग पेटीतली बाटली काढली आणि उलटी केली. पाणी आत डुचमळलं. त्यांचे दात वाजत होते.

"सर, ये कमरा नहीं होता तो ये डिब्बा नहीं बनता. और तनख़्वाह इसी कमरे में गई है. आप चाहें तो किसी को भेज दीजिए, हाथ लगाकर देख ले."

अधिकाऱ्यानं कॅमेऱ्याजवळ वाकून बघितलं. मग म्हणाला, "मैडम, पहले बाहर आ जाइए. ठंड लग जाएगी."

आदेश पावसाळ्यात आला. थंड खोलीचा सगळा खर्च यंत्राच्या किमतीत धरला आणि तेवढं अनुदान त्यातून वजा केलं. राहिलेलं अनुदान उत्पन्न धरलं. त्यातून मागितलेल्या खर्चापैकी काही दिला, काही नाकारला. दंड नाही, पण उरलेल्यावर कर आणि व्याज भरायचं. तो आकडा कंपनीला झेपणारा होता. स्नेहलनं तरी कुरकुर केली की इतकंसुद्धा का. मॅडमनी तिला तिथेच थांबवलं. "जे उत्पन्न आहे त्यावर कर द्यायचा. त्यात रडायचं काय आहे? भर आणि कामाला लाग." स्नेहल दुसऱ्याच दिवशी भरून आली.

त्यानंतर आमच्या ऑफिसनं सनदी लेखापालांची यादी "ताजी" केली. ताज्या यादीत साळवे मॅडम नव्हत्या. मला ते पत्र टाइप करावं लागलं आणि या वेळी प्रिंटर उत्तम चालला. मला अतिशय वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या गेटपास परत करायला आल्या तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "पाटणकर, चेहरा पाडू नका. गुडघ्यांना बरंच झालं." आणि माझ्या टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवून लिफ्टकडे गेल्या. दिल्लीतलं बाकीचं काम त्यांनी आधीच कमी केलं होतं. आमचंही गेल्यावर त्यांनी नगरला धाकट्या बहिणीकडे जायचं ठरवलं.

पेटी त्या हिवाळ्यात वर गेली. जानेवारीत सुभेदार जाधव गावाहून दिल्लीला आले आणि स्नेहलला म्हणाले, आधी त्या मॅडमकडे. तोवर तिनं त्यांना सगळं सांगितलं होतं. मला पत्ता माहीत होता म्हणून मीही गेलो. मयूर विहारमधल्या त्या फ्लॅटमध्ये सामान बांधलेलं होतं, खाली टेम्पो उभा होता आणि मॅडम खोक्यांच्या मधोमध एका खुर्चीवर बसल्या होत्या. हीटरसुद्धा बांधून झाला होता. दिल्लीच्या त्या थंडीत हात चोळत होत्या.

सुभेदार दारात ताठ उभे राहिले. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांनी काखेतलं गाठोडं सोडलं. आत गावच्या धनगराकडून विणून घेतलेली काळी घोंगडी होती, नवी, खरखरीत, लोकरीचा वास येणारी. दोन्ही हातांवर ठेवून त्यांनी ती पुढे केली.

मला पुढचं माहीत होतं. स्नेहलनंही माझ्याकडे बघितलं.

मॅडमनी चष्म्यावरून आधी घोंगडीकडे बघितलं, मग सुभेदारांकडे. "कशासाठी?"

सुभेदारांना या प्रश्नाचा इतिहास माहीत नव्हता.

"थंडीसाठी, मॅडम," ते म्हणाले.

मॅडमनी घोंगडीवर हात ठेवला. तळव्यानं दाबून पाहिली, काठ चाचपला, पुन्हा हात ठेवला आणि काढलाच नाही. मग मान खाली घातली. आणि म्हणाल्या, "द्या."

टेम्पोवाला घाई करत होता. आम्ही खोकी खाली न्यायला हात लावला. स्नेहलनं विचारलं, घोंगडी कुठल्या खोक्यात ठेवू. मॅडम नको म्हणाल्या. टेम्पो निघाला तेव्हा त्या ड्रायव्हरशेजारच्या सीटवर घोंगडी पांघरून बसल्या होत्या, स्टेशनला निघालेल्या, आणि काचेतून त्यांचे फक्त बूट, चष्मा आणि घोंगडीचा काठ घट्ट धरलेला उजवा हात दिसत होता.